मांडीतली फडफड

बोगोता, ४ मार्च २०१३

अरे बटाट्या,

पोचलास की नाही? की बसनं तुला वाटेतच दरीत सांडलं? शेजारच्या पलंगावरून तुझं ते ‘माफ करा, जरा पाणी देता का’, ‘माफ करा, खिडकी लावता का’ ऐकून कान किटले होते माझे. आता तिथे कुकुता शहराकडचा एक ट्रकवाला आणून टाकलाय. तो माफी मागत नाही, नुसता घोरतो. त्यामुळे तुझी आठवण येते. लगेच डोक्यावर बसू नकोस, एवढंच म्हणतोय.

फोन केला असता, पण तुमच्याकडे सिग्नल म्हणे टेकडीवर मिळतो, आणि टेकडी चढायला पाय लागतो. म्हणून हा कागद. शाळा सुटल्यापासून एवढं लिहिलं नव्हतं, चुका काढल्यास तर याद राख.

मुद्द्याचं बोलू. व्यायामवाल्या मारित्सानं दिलेला रबरी पट्टा ओढतोयस ना? काल डॉक्टर अर्बेलाएस फेरीला आल्या आणि पुन्हा तीच टकळी. ‘तुमच्या मांडीचं पुढचं मांस भूसुरुंगानं नेलं. तिथे मी नुसती साल अंथरलीय. मांस तुम्ही आणायचं. रोज ओढ बसली तर ते येईल, पडून राहिलात तर तिथे चामडं होईल, आणि मग पाय गुडघ्यात सरळ राहणार नाही.’ मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, डुकराच्या मूत्राशयाची साल माझ्यात शिवलीत, आता नाताळात मला भाजणार की काय? बाई हसली नाही. या बाईला हसू येण्यासाठी वेगळं ऑपरेशन करावं लागेल.

मांस येतंय हे कळणार कसं, असं विचारलं तर तेही सांगत नाही. म्हणते, खूण आधी सांगितली तर तुम्ही लोक ती मनानंच पाहता आणि माझ्या वहीत खोटं लिहिलं जातं. काहीही वेगळं दिसलं की येऊन सांगा, बस. आता तू पिएद्रा पिंतादाहून बोगोताला ‘येऊन सांगणार’ कसा, ते तिलाच ठाऊक. पण पलंग रिकामा करायचा हुकूम विमावाल्यांचा, त्यापुढे तिचंही चालत नाही.

माझं सोड. माझं गाव सपाट आहे, कुबडीवरसुद्धा मासळी विकता येईल. तुझं गाव म्हणजे उभी भिंत. मांडी नसेल तर वरच्या शेतातला ऊस खाली कोण आणणार? खेचर तर सुरुंगानं तुझ्याआधीच नेलं. तेव्हा लाजू नकोस, ओढ.

पैज लावू. ज्याच्या मांडीत आधी जीव येईल तो जिंकला. मी हरलो तर तुमचं ते भाजलेलं उंदरासारखं जनावर, कुई, डोळ्यांसकट खाईन. तू हरलास तर आमच्या गावच्या जत्रेत, भर चौकात, थेंबभर दारू न पिता नाचायचं.

तुझा (कान किटलेला)
डायरो


पिएद्रा पिंतादा, २६ मार्च

प्रिय डायरो,

तुमचं पत्र बसवाल्या तोबियासनं आणून दिलं. माफ करा, उत्तराला उशीर झाला. (हसा, हसा.)

इथे माझं बाळंतपण चाललंय. थट्टा करत नाही. आमच्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस ठेवतात तसंच आईनं मला ठेवलंय. तिचं म्हणणं, अंग एकदा उघडलं की उघडलं, मग ते मूल बाहेर काढायला असो की डॉक्टरच्या सुरीनं. कानात कापसाचे बोळे, डोक्याला रुमाल, भिंतीच्या फटींत चिंध्या. गार पाण्याला बोट लावायचं नाही. कुणी दार उघडलं की अंगावर घोंगडी येऊन पडते, वारं शिरू नये म्हणून. रोज कोंबडीचा रस्सा. खुराडं निम्मं रिकामं झालंय आणि उरलेल्या कोंबड्या मला बघून पळतात. शेजारची दोमितिला खिडकीतून विचारून गेली, ‘इसाउरा, काय झालं गं, मुलगा की मुलगी?’ आई चिडली, मला हसू आवरेना.

रबरी पट्ट्याचं विचारलंत. आहे. सध्या खुराड्याच्या दाराला बांधलाय, छान ताणतो. रागावू नका. आईचं लक्ष नसताना मी पायाला लावतो थोडा वेळ. परवा ती ओढ्यावर गेली होती, तेव्हा पलंगाला धरून उभाही राहिलो. घाम फुटला, पण राहिलो. तेवढ्यात ती परत आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. धुण्याची टोपली तशीच खाली ठेवली, जमिनीवर बसली आणि एप्रन तोंडाला लावून रडायला लागली. म्हणाली, ‘तुला या दारातून घोंगडीत घालून नेला तेव्हा रक्ताची धार रस्त्यापर्यंत होती. मी स्वतः माती टाकली तिच्यावर. आता काय, मला दाखवून मरायचंय तुला?’ मी पुन्हा पलंगावर झोपलो.

बाबा गेल्यापासून ती एकटीच आहे, डायरो. तिला दुखवून मिळवलेला पाय मला पचायचा नाही. पण वरचं शेत खिडकीतून दिसतं. ऊस तुऱ्यावर आलाय.

साल कशाची होती ते मी घरात सांगितलेलं नाही. आमच्याकडे जखमी माणसाला डुकराचं मांस वर्ज्य. फोडणीचा वाससुद्धा चालत नाही, जखम चिघळते म्हणतात. आणि इथे तेच आत शिवलंय म्हटल्यावर आई ते स्वतःच्या सुरीनं काढून ठेवेल. तिला वाचता येत नाही हे एक बरं आहे. तुम्ही खुशाल लिहा.

पैज कबूल. पण कुईला उंदीर म्हणू नका. आम्ही तो पाहुण्याला मान म्हणून देतो.

आपला नम्र
सेगुंदो तुलकान


बोगोता, ९ एप्रिल

बाळंतीणबाई,

बारशाचं जेवण कधी? पेढे नकोत, तुमच्या उसाचा गूळ, पनेला, पाठवा.

अरे गाढवा, हसतोय म्हणून मला राग आलेला नाही असं समजू नकोस. खुराड्याला बांधलायस पट्टा? त्या पट्ट्यासाठी मारित्सा भांडारात जाऊन भांडली होती, माहितेय? आई रडते म्हणून झोपलो म्हणे! आई रडणारच. माझी असती तर माझीही रडली असती. रडू दे आणि तू ओढ. नंतर वरच्या शेतात चालत गेलास की तीच आनंदानं रडेल.

आता ऐक आणि जळ. मी जिंकलो. काल दुपारी मारित्सासमोर मांडीला हुकूम सोडला, ‘आवळ!’ आणि साल घातली त्या जागी मांस दगडासारखं गोळा झालं. हात लावून बघितलं तिनं. हुकमाबरोबर आवळतं, हुकूम सोडला की गप्प बसतं, एकदम पलटणीतल्यासारखं. तीच ती खूण, बटाट्या. बाई सांगत नव्हती ती हीच. आज जिन्याच्या चार पायऱ्या चढलो, कठडा न धरता. ट्रकवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

मग? नाचायची तयारी कर. पण मला तुला लंगडा नाचवायचा नाही, त्यात मजा नाही. तुझं मांस दगड होईपर्यंत थांबतो. रोज हुकूम सोडत जा. दगड झाला की कळव. आईला सांग, डायरोनं बाळंतपण केलं नाही, कोंबडी खाल्ली नाही, गार पाण्यानं आंघोळ केली आणि तो जिना चढला. सांगशील? नाही सांगणार तू. तुझी शेपूट आत.

इथे जेवणात रोज तीच डाळ. तुझ्या आईच्या रश्श्याचा वास पत्रातून येतो, हे मात्र खरं.

डायरो, जिना चढणारा


पिएद्रा पिंतादा, २० मे

प्रिय डायरो,

तुमचं अभिनंदन. मनापासून करतो. पत्र वाचून मी आईला तुमच्या जिन्याचं सांगितलं, तुम्हाला वाटलं तसं घाबरलो नाही. ती म्हणाली, ‘तो समुद्राकाठचा आहे. त्यांचं रक्त उष्ण, त्यांना गार पाणी चालतं. आपण डोंगरातली माणसं.’ विषय संपला.

मग इथे बरंच झालं. एप्रिलच्या शेवटी गावात आरोग्यसेविका आली. हातात इस्पितळाचा कागद. दारातूनच मोठ्यानं, ‘डुकराची साल लावलेला पेशंट हाच का?’ आई चुलीपाशी होती. हातातला डाव तिनं हळूच भांड्यात ठेवला. बाई गेली. मग म्हणाली, ‘तुला माहीत होतं?’ मी हो म्हटलं. तिनं घरातला डुकराच्या चरबीचा डबा उचलला आणि ओढ्यात नेऊन रिकामा केला, डबासुद्धा परत आणला नाही. दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद. रस्सा मात्र येत होता.

तिसऱ्या दिवशी मांडी फडफडायला लागली.

कशी सांगू? डोळा फडफडतो ना कधी कधी, आपण काही केलेलं नसताना, तशी. साल घातली त्याच जागी, कातड्याखाली. पाच-सहा वेळा फडफडायची, थांबायची, पुन्हा सुरू. दुखत नव्हतं. मला आधी वाटलं, आली खूण! लगेच तुम्ही सांगितलं तसा हुकूम सोडला. ‘आवळ!’ काही नाही. पुन्हा सोडला. काही नाही. दगड नाही, गोळा नाही, काही नाही. आणि मी गप्प पडून राहिलो की आपल्या मनानं फडफड, फडफड. तुमचं हुकमात चालतं, माझं मालकाला विचारतही नव्हतं. म्हणजे ही ती खूण नव्हे, हे उघडच होतं. मग मला भीती वाटायला लागली, डायरो. खरं सांगतो, घाम फुटला.

आईनं बघितलं आणि पांढरीफटक पडली. म्हणाली, ‘वारं शिरलं. वारं शिरलं आणि आतलं डुक्कर लाथा मारतंय.’ म्हाताऱ्या आब्दोनला बोलावलं. त्यानं तोंडात उसाची दारू भरून मांडीवर फुंकली (निम्मी गिळली, मी पाहिलं), सतापाचा पाला चोळला आणि सांगितलं, घट्ट बांधा, हलू देऊ नका, हललं की आत पसरेल. आईनं ट्रंकेतून चुंबे काढला. आमच्या बायका कमरेला गुंडाळतात तो विणलेला लांब पट्टा. याच चुंबेत तिनं मला तान्हेपणी मानेपासून टाचेपर्यंत गुंडाळलं होतं, पाय सरळ वाढावेत म्हणून. तांबडा आहे, कडेला पिवळी नक्षी. खाली फळी लावली आणि बांधायला लागली. मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं. बहुतेक मी नको म्हणेन असं तिला वाटलं. मी म्हटलं, ‘अजून घट्ट, आई.’

त्याला आता तीन आठवडे झाले. फडफड थांबलीय. पहिले काही दिवस पट्ट्याखाली जाणवायची, मग कमी होत गेली. आता सगळं शांत आहे. आई हसायला लागलीय.

तेव्हा पैज तुम्ही जिंकलात. जत्रा कधी असते तुमच्याकडे? आणि खरंच थेंबभरही दारू नाही?

आपला
सेगुंदो


बोगोता, २ जून

सेगुंदो,

पट्टा काढ. पुढचं नंतर वाच. आधी आईनं बांधलेला तो पट्टा काढ.

काढलास?

तुझं पत्र मी मारित्साला वाचून दाखवत होतो. कोंबड्या, चरबीचा डबा, म्हातारा आब्दोन, ती पोट धरून हसणार असं वाटलं होतं. फडफडीचा मजकूर आला तशी तिनं माझ्या हातातून कागद ओढून घेतला. स्वतः वाचला. मग तशीच डॉक्टरच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं डॉक्टर अर्बेलाएस माझ्या पलंगाशी आली. या बाईला मी कधी हसताना बघितलं नव्हतं, रडतानाही नव्हतं.

हीच ती खूण होती, भावा. ती फडफड. नवीन मांस धरलं आणि त्याच्यापर्यंत नस पोचली की पहिल्यांदा ते असं आपल्या मनानं फडफडतं, हुकूम पाळायचं नंतर शिकतं. आणि नेमकं तेव्हाच त्याला ओढ द्यायची असते, रोज, न चुकता. तेव्हा बांधून ठेवलं तर ते वाळतं. डॉक्टर म्हणाली, ‘इतक्या जणांना केलं, एकाच्या मांडीत आलं.’ मग खिडकीबाहेर बघत राहिली.

आता तू म्हणशील, मग तुमचा दगड?

दगड नव्हता. जिना नव्हता. मी एक पायरीही चढलो नाही. ते पत्र मी तापात लिहिलं. तेव्हाच मांडीत पू झाला होता. मी सगळं केलं, सेगुंदो. पट्टा ओढला, दात आवळून ओढला, मारित्सा ‘पुरे’ म्हणाली तरी ओढला. माझी मांडी एकदाही फडफडली नाही. फडफड असते हेच मला कुणी सांगितलं नव्हतं, मग खोट्यात घालणार कुठून? आपल्या डोक्यानं बनवलं. शिपाई माणूस, मला हुकूमच सुचला. तुला चीड यावी, ईर्ष्या यावी, तू उठावंस, एवढंच होतं मनात. देवाशपथ, एवढंच.

मे महिन्यात पाय कापला. गुडघ्याच्या वर. उरलेल्या खुंटाची सूज उतरायला रोज घट्ट पट्टी बांधतात. तुला कळवणार होतो, पण वाटलं आधी तुझ्या मांडीत जीव येऊ दे.

शिव्या दे. पण आधी पट्टा काढ आणि पाय हलव. कदाचित अजून असेल काही शिल्लक. मारित्सा म्हणते, कदाचित. तोंड दुसरीकडे करून म्हणते.

डायरो


पिएद्रा पिंतादा, १९ जुलै

डायरो,

आजवर तुला तुम्ही म्हणत आलो. आज म्हणवत नाही.

पट्टा पत्र वाचल्यावाचल्या सोडला. आई शेतावर होती. मांडीवर हात ठेवून बसून राहिलो, दुपार गेली. काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही. रबरी पट्टा खुराड्यावरून सोडून आणला, कोंबड्या सगळ्या अंगणभर झाल्या. ओढला. उभा राहिलो. गुडघा आत दुमडला आणि तोंडावर पडलो, ओठ फुटला. रोज पडतो. तोबियासच्या बसनं पास्तोला जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरनं सुई टोचली, तारा लावल्या, मग आपल्या अर्बेलाएसबाईंना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, ‘आता तिथे चामडं झालंय, सेगुंदो. मला फार वाईट वाटतं.’ मी म्हटलं, खूण आधी सांगितली असतीत तर? मग त्या म्हणाल्या, ‘हो.’ निदान ती बाई हो तरी म्हणाली.

तू खोटं का बोललास? मला उठवायला? अरे, तू लिहिलं असतंस की ‘माझं काही होत नाही, मी सडतोय इथे, तू तरी कर’, तर मी आईच्या अंगावरून उडी मारून उठलो असतो! तू जिना चढलास ऐकून मला काय वाटलं सांगू? वाटलं, झालं, एकजण तरी सुटला, आता माझी घाई नाही. आणि फडफडलं तेव्हा तुझा दगड शोधत बसलो. आईनं बांधायच्या आधी तूच बांधलंस मला.

लिहिलं. आता थोडं बरं वाटतंय. तुझा पाय गेला हे वाचून मी रडलो हेही लिहून ठेवतो. दोन्ही खरं आहे.

वरचं शेत दोमितिलाच्या जावयाला कसायला दिलं. तो आमच्या अंगणातूनच वर जातो. जाताना मान खाली घालून जातो, भला माणूस आहे.

आईला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तिच्या लेखी माझा पाय तिनं वाचवला. डुकरानं लाथा मारल्या, तिनं चुंबेनं त्याला गप्प केलं, हे ती सगळ्या गावाला सांगते. चर्चमध्ये मेणबत्ती लावली. खालच्या वस्तीतल्या बायका तिला विचारायला येतात. मी काठीवर लंगडत अंगणात येतो तेव्हा ती बायकांना म्हणते, ‘बघा, आपल्या पायानं चालतोय.’ मी मान डोलावतो. हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? मी ‘अजून घट्ट’ म्हणालो होतो हे ती विसरली असेल, मी नाही विसरलो.

तुझा पाय कापला हेही मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, ‘बघ, डॉक्टरांचं सगळं ऐकलं त्याचा गेला आणि माझं ऐकलंस तुझा राहिला.’

तुझा जिना मात्र तिच्या लक्षात आहे. आज शेजारी बसून तिनं मला लिहायला लावलं. तिच्याच शब्दांत लिहितो. माझा हात थांबला तर ती ‘लिही’ म्हणते.

‘पोरा डायरो, तुला आई नाही असं सेगुंदो म्हणाला. तुझं बाळंतपण करायला कुणी नव्हतं, म्हणून गार पाण्यानं आंघोळ केलीस. जिना चढलास ते ठीक, पण वारं कधीही शिरतं. कोंबडी पाठवतेय. शेवटचीच आहे, पण चांगली लठ्ठ आहे. रस्सा करून पी, मीठ कमी घाल. आणि सोबत चुंबे पाठवतेय. सेगुंदोला आता लागत नाही. तुझा पाय कधी फडफडायला लागला तर घाबरू नकोस. लगेच घट्ट बांध. लाज बाळगू नकोस, माझ्या पोराचा पाय त्यानंच राहिला. पोचल्याचं कळव, म्हणजे मला झोप लागेल.’

मी सगळं लिहिलं. एक शब्द बदलला नाही.

कोंबडी जिवंत आहे, टोपलीत. पास्तोहून पुढे पार्सलच्या बसनं येईल. तिला उत्तर पाठव. मीच वाचून दाखवणार आहे, तेव्हा काय लिहायचं ते बघून लिही.

सेगुंदो


बोगोता, ११ ऑगस्ट

डोन्या इसाउरा यांना, साष्टांग नाही, पण एका गुडघ्यावर बसून नमस्कार.

मी डायरो. इस्पितळातून आता पेशंटांसाठीच्या वसतिगृहात राहायला आलोय. तुमची कोंबडी पोचली. वाटेत टोपलीत तिनं एक अंडं घातलं, ते फुटलं नव्हतं. पार्सलवाला म्हणाला, एवढ्या लांबून जिवंत कोंबडी आणि अख्खं अंडं आणलं, बक्षीस द्या. मी त्याला अंडं दिलं.

रस्सा इथल्या स्वयंपाकवालीनं केला. तुमचा निरोप सांगितला तरी मीठ जास्त घातलं. मी सगळा प्यालो. आमच्या खोलीत आणखी तिघं आहेत, त्यांना थेंब दिला नाही. माझ्यासाठी कुणी खास कोंबडी कापली असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच झालं. शेवटची होती म्हणून हाडंसुद्धा चोखली.

डोन्या इसाउरा, सेगुंदो पत्रात तुमच्याबद्दल खूप लिहायचा. वाचताना मला हसू यायचं, आणि मग रागही यायचा, की याला कुणी एवढं जपतं आणि मला नाही. तुमच्यासारखी बाई माझ्या उशाशी असती तर तिनंही माझ्या कानात बोळे घातले असते आणि मीही ‘अजून घट्ट’ म्हटलं असतं. यात कुणाचं काही चुकलं नाही. सेगुंदो, हे वाक्य पुन्हा एकदा वाच, आईला नीट ऐकू जाऊ दे.

एक मागणं आहे. तो तुमचा शब्द मोडत नाही. त्याला सांगा, काठी घेऊन सिग्नलच्या टेकडीवर जायचं. आजच नको, पण जायचं. वेळ लागू दे, बसत बसत जाऊ दे, पण तुम्ही दारात उभ्या राहा आणि त्याला परत बोलावू नका. वर पोचला की मला फोन करू दे. त्याच्या तोंडून ‘माफ करा’ ऐकलं नाही त्याला फार दिवस झाले.

तुमचा चुंबे फार सुंदर आहे. तांबडा आणि पिवळ्या नक्षीचा. इथे मारित्सा नावाची बाई आहे, तिला दाखवला. तिनं तो हातात घेऊन उलगडून पाहिला. मग म्हणाली, तुझ्या पायाला रोज घट्ट बांधावंच लागतं, इस्पितळाची पट्टी सैल पडते, हा पट्टा जास्त चांगला. रोज सकाळी बांधतो, एकावर एक वेढे देऊन, तुम्ही सांगितलंत तसा. लाज वाटत नाही.

तुम्ही काळजी करू नका. निवांत झोपा. माझा पाय मुळीच फडफडत नाही.

तुमचा
डायरो